वाघ दाराशी आला तेव्हा

मोहफुलांचा गोडसर वास आला, की पांढरकवड्याजवळच्या आमच्या शाळेतला वाचनाचा तास आठवतो. नववीतल्या एका कोलाम आदिवासी मुलीच्या मराठीला वर्ग हसायचा, म्हणून ती मोठ्याने वाचत नसे. त्या दिवशी मात्र ती आपणहून उभी राहिली. पुस्तकातली वाघाची गोष्ट तिने मोह वेचताना आईला आपल्या कोलामी बोलीत सांगितली होती; तीच ती आता मराठीत वाचू लागली, आणि वाघ दाराशी येताच घरच्या सवयीने नकळत कोलामीकडे वळली. "अवं, मराठीत सांग नं, पुढं काय झालं?" सर्वांत जास्त हसणारीने काकुळतीने विचारले. "मंग तूच कोलामी शिक नं," पान उलटत ती शांतपणे म्हणाली. तिची शिक्षिका म्हणवून घेताना माझी मान आजही ताठ होते.