मोहरीएवढा स्क्रू

माझे वडील, आमचे अण्णा, मल्लेश्वरममध्ये चाळीसेक वर्षं शिंपीकाम करत होते. दुकान बंद झालं तेव्हा तिथून त्यांनी एकच वस्तू घरी आणली, त्यांची काळी पायमशीन. अलीकडे त्यांचा उजवा हात थरथरायचा. चहा पिताना कपबशी वाजायची आणि घरातले आम्ही सगळे ती वाजलीच नाही असं दाखवायचो. मशीनवर बसले की मात्र कापडावर टेकलेला तो हात शांत व्हायचा. रोज सकाळी ते उशांचे अभ्रे शिवत. घरात उशा सहा आणि अभ्रे तीस झाले, तरी कोणी अवाक्षर काढलं नाही. ती मशीन होती म्हणून अण्णा अजून शिंपी होते, हे सगळ्यांना कळत होतं.

माझी महादेवपुऱ्यातली नोकरी गेली आणि मी चामड्याच्या पिशव्या शिवायचं खूळ डोक्यात घेतलं. माझ्या छोट्या इलेक्ट्रिक मशीनने चामड्याच्या दोन थरांवर नुसतं कण्हून दाखवलं. मग अण्णांना विचारलं.

"शीव की," ते म्हणाले. "फक्त खालच्या स्क्रूला हात लावू नको."

खालचा दोरा ज्या डबीत बसतो, त्या बॉबिन केसवर मोहरीएवढा एक स्क्रू असतो. दोऱ्याचा ताण तो ठरवतो. अण्णांनी तो कधीकाळी लावला होता आणि नंतर कुणाला स्पर्श करू दिला नव्हता.

नवरात्रातल्या अष्टमीला दुपारी मी बसले. अठरा नंबरची सुई लावली, जाड नायलॉनचा दोरा ओवला, टाका लांब केला, वरचा ताण सैल केला. पायडलला पाय न लावता चाक हाताने फिरवायचं, हेही शिकून घेतलं होतं. चामड्यात पडलेलं भोक बुजत नाही, त्यामुळे घाई चालत नाही. सगळं केलं, पण जाड दोरा खालच्या डबीतून सरकेना. अण्णा झोपले होते. मी स्क्रू फिरवला. किती आटे फिरवला ते मोजलं नाही, आम्ही शहाण्या ना! चार इंच शिवण आली, सरळ, देखणी. सुई, दोरा, टाका, वरचा ताण पूर्ववत केला आणि खुशीत मशीन झाकली. स्क्रू उद्या सकाळी पहिल्यासारखा करून ठेवू, असं ठरवलं.

उद्या आयुधपूजा होती, हे कसं विसरले देव जाणे. मी उठले तेव्हा मशीनला गंध, कुंकू, झेंडूची माळ सगळं झालेलं होतं. आमच्या घरात एकदा हत्याराला कुंकू लागलं की दसऱ्याचा पहिला टाका पडेपर्यंत त्याला कुणी शिवत नाही. फडकंसुद्धा मारत नाहीत. अण्णांना तेव्हाच सांगता आलं असतं. मी सांगितलं नाही. दिवसभर त्या माळेकडे बघत राहिले आणि काही होणार नाही असं मनाला बजावत राहिले.

दसऱ्याला अण्णा अंघोळ करून बसले. देवीच्या खणाला ते दरवर्षी चारी बाजूंनी शिवण घालायचे, तोच त्यांचा पहिला टाका. वीतभर शिवून त्यांनी खण बाहेर काढला. खालचा दोरा वर येऊन नुसता गुंता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगून टाकलं.

"सरी," म्हणजे कानडीत बरं, एवढंच म्हणाले आणि त्यांनी डबी बाहेर काढली.

ताण बघायची रीत सोपी आहे. डबी तिच्याच दोऱ्याला टांगायची आणि हलका हिसका द्यायचा. बोटभर खाली येऊन थांबली तर ताण बरोबर. अण्णांनी स्क्रू आवळला, दोरा धरला. डबी खाली आली, थांबली नाही, येतच राहिली. पुन्हा आवळला. पुन्हा तेच. हात थरथरत होता आणि प्रत्येक थरथरीला डबीला हिसका बसत होता. ती थांबेपर्यंत आवळला तर खणावर चुण्या पडल्या. सैल केला की डबी घसरायची. चार वेळा झालं.

"मी धरते अण्णा," मी म्हटलं.

माझ्या हातात डबी स्थिर लोंबली.

"तुझ्या हाताला काय ठाऊक?" ते म्हणाले. आवाजात राग नव्हता.

"स्क्रूच खराब झाला असेल. मेकॅनिकला दाखवू."

त्यांनी उजवा हात समोर धरला आणि बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले. आम्ही सगळ्यांनी मिळून त्यांना जे बघू दिलं नव्हतं, ते मी त्यांच्या पुढ्यात नेऊन ठेवलं होतं.

"स्क्रू बरा आहे गं," ते म्हणाले आणि खण तसाच, अर्धवट शिवलेला, देवीपुढे ठेवून आले.

पुढच्या आठवड्यात मेकॅनिक आला. दहा मिनिटांत ताण लावून त्याने टाका दाखवला. "स्वल्प तेल घालत जा अक्का, मशीन अजून मस्त आहे," म्हणाला. ते खरंच आहे. अण्णा मात्र तिच्यावर पुन्हा बसले नाहीत. मीही चामड्याचं नाव काढलं नाही. ते चार इंच मशीनच्या ड्रॉवरमध्ये पडून आहेत.

आता चहा पिताना कपबशी वाजत नाही. अण्णा डाव्या हाताने उजवं मनगट दाबून धरतात.