वॉर्डामागची जवारी

बीदरच्या एका दवाखान्यात मनोरुग्णांच्या वॉर्डामागं बाग करायचं काम मी घेतलं, तेव्हा वरच्या साहेबांना हवी होती हिरवळ. फोटो चांगला येतो म्हणे! अशा बागेला विषारी कण्हेर चालत नाही, काटे नकोत, उघडं पाणी नको. वाट कुठंच अडता कामा नये. चालणारा माणूस फिरून निघाल्या जागी यावा. हे पटवण्यात माझा अर्धा उन्हाळा गेला, उरलेला चिडण्यात.

तिथं औरादकडची एक बाई होती. ती बरी झाली होती, डॉक्टर घरी पाठवायला तयार होते. न्यायला यायचं ते भावानं, आणि तो दरवेळी फोनवर म्हणायचा, "सुगी झाली की नेतो." मूग निघाले, सोयाबीन निघालं, याची सुगी काही होईना. ती मात्र रोज फाटकाकडं तोंड करून बसायची.

एकदा मी झेंडू लावत होते, तर शेजारी येऊन म्हणाली, "अक्का, फुलं कामून लावायलाव? जवारी पेरा की."

आधी पोटोबा, मग विठोबा! मला हसू आलं आणि पटलंही. वाटेच्या वळशात मधोमध जागा होती. तिथल्या तांबड्या मुरमावर काळी माती टाकून घेतली आणि तिनं स्वतःच्या हातानं पेरलं. त्यानंतर ती फाटकाकडं पाठ करून बसू लागली.

मार्गशीर्षात येळवस आली. त्या अमावस्येला आमच्याकडं गावं ओस पडतात, सगळे रानात. कडब्याची खोपीसारखी कोप करायची, पाच दगड पुजायचे, मग भज्जी, उंडे, आंबील. त्या दिवशी रानात बोलावलं की वैरीसुद्धा जेवायला येतो. तिनं भावाला फोन लावला, "माझ्या रानात येळवस हाय. जेवायला ये."

दुपारी तो बायकोला घेऊन आला. दोघं पोटभर जेवली. हात धुताना भावजय मला हळूच म्हणाली, "भ्या वाटायलंय अक्का. फिरून तसंच झालं तर?" डॉक्टरांनी तिला जवळ बसवून गोळ्या समजावून सांगितल्या. तरी निघताना भाऊ खाली बघत तेच म्हणाला, "सुगी झाली की नेतो."

"कुणाची सुगी?" तिनं विचारलं. "तुझी का माझी?"

तो जवारीकडं बघत राहिला. कणसं नुकती निसवत होती.

"तुझी," तो म्हणाला.

माझा विश्वास बसला नाही. ओशाळलेला माणूस काहीही कबूल करतो.

फाल्गुनात जवारी पिकली. वॉर्डात विळा चालत नाही, पण आमच्याकडं जवारी उपटतातच. तिनं दोन दिवसांत रान मोकळं केलं आणि फोन केला, "माझी सुगी झाली."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो फाटकात उभा होता. आला तो चपला काढून थेट मातीत उतरला आणि कडब्याच्या पेंड्या बांधायला बसला. तिनं एक पेंडी उचलून त्याच्या खांद्यावर दिली.

"बैलाला. रिकाम्या हातानं घरला कसं यायचं?"

मी आखलेली वाट फिरून जागेवरच येते. ती दोघं त्या वाटेनं गेलीच नाहीत. मोकळ्या रानातून सरळ फाटकाकडं गेली आणि मी तिथंच, झेंडूत बसून, मनसोक्त रडले.