भिंत चाखणारे मामा

दुसऱ्याच्या घरात शिरून चहा यायच्या आत त्या घराची भिंत चाटणारा माणूस पृथ्वीच्या पाठीवर एकच असेल, आणि तो नेमका माझ्या बायकोचा सख्खा मामा निघाला, याला माझ्या नशिबाशिवाय दुसरं कोण जबाबदार? हे मी ऐकीव सांगत नाही. लग्नानंतर आम्ही पहिलं घर बघायला गेलो ते डहाणू रोडला, स्टेशनच्या पूर्वेला. "मामाला बरोबर न्या, त्याला घरातलं कळतं," असं सासूबाई म्हणाल्या, म्हणून मी आज्ञाधारक जावयासारखा त्यांना रिक्षात घालून घेऊन गेलो. घरमालक भला माणूस होता. लाद्या दाखवत होता, खिडकीतून येणारा वारा दाखवत होता, वारा येत नव्हता तेव्हा पडदा हाताने हलवून दाखवत होता. मामा मागे राहिले म्हणून मी वळून बघतो, तर ते बेडरूमच्या कोपऱ्यात गुडघे टेकून बसलेले आणि जमिनीपासून वीतभर वर त्यांनी भिंतीला चक्क जीभ लावलेली. दारात मालकीणबाई चहाचा ट्रे घेऊन आल्या होत्या, त्या तशाच मागे फिरल्या. मला वाटलं, फिट आली. हुंगवायला कांदा मागावा म्हणून मी तोंड उघडतोय, तोच मामा उठले, रुमालाने जीभ पुसली आणि आमटीबद्दल बोलावं तसं म्हणाले, "खारट आहे. चला."

रिक्षात बसल्यावर त्यांनी खुलासा केला. मामांनी सगळा जन्म डहाणूच्या बाजारात किराणा मालाचं दुकान चालवण्यात घालवला होता. आमच्याकडची हवा अशी, की पावसाळ्यात मिठाला पाणी सुटतं, गुळाचा चिखल होतो आणि काडीपेटी नुसती खिशात ठेवायच्या लायकीची उरते. त्यामुळे ओल हा मामांचा जन्माचा वैरी. दुकान पुतण्याच्या हाती सोपवल्यावर त्यांनी हे वैर घरोघरी नेलं. त्यांचं म्हणणं एवढंच, की इथे किनाऱ्याला निम्मी घरं खाडीच्या रेतीने बांधलेली. रेती खारी, की भिंत खारी. भिंत खारी, की हवेतली ओल ओढून घेते, पोपडे धरते आणि माणसाला आजारी पाडते. वरून रंग मारला की डोळा फसतो. फिनेलने पुसलं की नाक फसतं. "जिभेला कोण फसवणार, जावई?" असं त्यांनी मला विचारलं, आणि रिक्षावाल्याने आरशातून मागे बघितलं.

ही बातमी गावभर व्हायला वेळ लागला नाही. कोणाच्याही घरी खरेदीचं निघालं, की आधी मामांना बोलावणं जायचं आणि मग भटजींना. मामा फुकट जायचे, हौसेने जायचे. ते आले की दलाल हळूच दाराकडे सरकायचे. एका दलालाने तर हुशारी करून मामा यायच्या आदल्या दिवशी सगळ्या भिंती खालपासून साबणाच्या ओल्या फडक्याने पुसून घेतल्या. मामांनी जीभ लावली, डोळे मिटले आणि म्हणाले, साबण कपडे धुवायचा आहे. तेव्हापासून त्या दलालाने चिकूच्या बागा विकायला सुरुवात केली, असं म्हणतात.

जीभ हा झाला पहिला अंक. दुसरा अंक स्वयंपाकघरात व्हायचा आणि तो जास्त भयंकर असायचा. मामा थेट विकणाऱ्याच्या ओट्याशी जाऊन घरच्या बाईकडे एक पापड मागायचे. भाजलेला नव्हे, कच्चा. तो हातात घेऊन हळूच दुमडायचे. कटकन मोडला तर घर कोरडं. वाकला तर दमट. दुमडून घडी झाली, तर मामा तो पापड परत बाईच्या हातात देऊन दोन्ही हात जोडायचे. घोलवडला एका गुजराती काकींना वाटलं, बिचारा भुकेला आहे. त्यांनी प्रेमाने ताटभर पापड तळून पुढे ठेवले. मामांनी ते सगळे खाल्ले आणि वर पुन्हा एक कच्चा मागितला. "आ शूं करे छे, भाई?" हे काय करतायत, असं त्या काकींनी मला विचारलं आणि मी धरणीमातेला पोटात घे म्हणून विनवत उभा राहिलो. पापडानंतर काडीपेटी. काडी पहिल्या घासण्यात पेटली पाहिजे. मामा यायचेत असं कळलं की लोक काडीपेट्या लपवून लायटर बाहेर काढून ठेवायला लागले, पण लायटर दिसला की मामांचा संशय आणखी वाढायचा.

आणि घर बघायची वेळ कोणती, तर वादळाची. "उन्हात घर दाखवणारा आणि हळदीच्या अंगाने नवरी दाखवणारा, दोघंही लबाड," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. वाऱ्यापावसाचा इशारा आला की कोळी बोटी ओढून घेतात, बागाईतदार चिकू उतरवून घेतात आणि मामा छत्री काढतात. मी शिकवतो त्या शाळेतल्या एका शिक्षकाला आशागडला बंगली घ्यायची होती. भर तुफानात, नारळीच्या झावळ्या रस्त्यावर पडत असताना, मामा आम्हाला तिथे घेऊन गेले. विकणारं कुटुंब बिचारं जेवत होतं. मामा त्यांच्या हॉलच्या मधोमध छत्री उघडून उभे राहिले आणि म्हणाले, सगळ्यांनी जरा गप्प बसा, चावू पण नका, मला थेंब ऐकायचाय. आणि ती माणसं हातात घास धरून खरोखर गप्प बसली. अशा वेळी नेमका थेंब पडायचाच. तो पडला, मामांच्या छत्रीवर पडला, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

या सगळ्याचा परिणाम असा झाला, की गावातल्या कित्येकांची फसगत टळली, पण आम्हाला स्वतःचं घर काही मिळेना. जे घर आम्हाला आवडे ते मामांच्या जिभेला आवडत नसे. भाड्याच्या घरात आमची मुलगी शाळेत जायला लागली. ही, म्हणजे माझी बायको, वैतागून म्हणायची, मामाला मिठागरावर नेऊन सोडा, तिथे त्याची जीभ रमेल.

मग गेल्या वर्षी एक गोष्ट जमून आली. मामा आणि मामी चिखल्याला राहायचे, अगदी समुद्राच्या काठाला, मामांनी स्वतः उभं राहून बांधलेल्या घरात. मामींना दम्याचा त्रास. थंडीपावसात छातीत घरघर चालायची, पंप उशाशी असायचा. त्यांची मुलगी वापीला असते. ती म्हणाली, आता तुमचं वय झालं, घर विका आणि माझ्याकडे या. मामांनी तोंडच पाडलं. चिखलं सोडायचं म्हणजे त्यांचा जीव जाणार, हे सगळ्यांना दिसत होतं. तेव्हा हिलाच सुचलं, की ते घर आपणच घेऊ या. मामा-मामी तिथेच राहतील, आपण त्यांच्याजवळ राहू, मुलीला अंगण मिळेल. वापीची मुलगी कबूल झाली, मामी तर पदराने डोळे पुसायला लागल्या. आमच्या सगळ्यांच्या चिंता एका दमात मिटल्या. फक्त मामा म्हणाले, व्यवहार तो व्यवहार. घर बघितल्याशिवाय घ्यायचं नाही. "आणि बघणार कोण? मी. आज मी तुमच्या बाजूचा."

आम्हाला हसू आवरेना. पण मामांनी खरंच चपला घातल्या, फाटकाबाहेर गेले, वळून आत आले आणि स्वतःच्याच दाराची बेल वाजवली. मामींनीही मजेत दार उघडलं. मामा परक्यासारखे, हाताची घडी घालून आत शिरले आणि थेट स्वयंपाकघरात जाऊन म्हणाले, "बाई, एक कच्चा पापड द्या."

मामींनी फ्रिज उघडला आणि आतून पापडाचा डबा काढला.

मामा बघतच राहिले. पापड फ्रिजमध्ये कशाला, असं त्यांनी विचारलं. मामी हसत म्हणाल्या, मग कुठे ठेवू, बाहेर ठेवला तर संध्याकाळपर्यंत त्याची चपाती होते. मामांनी काडीपेटी मागितली. ती घरातच नव्हती. देवाची समईसुद्धा मामी लायटरने पेटवलेल्या गॅसवर वात धरून लावायच्या, काडी या घरात पेटतच नाही म्हणून. मिठाच्या बरणीत तांदूळ होते, कपड्यांच्या कपाटात एक बल्ब सदा जळत ठेवलेला होता. हे सगळं मामी अगदी सहज सांगत होत्या. गावातल्या परक्या बायकांच्या डब्यात हात घालणारा हा माणूस स्वतःच्या ओट्याशी कधी उभाच राहिला नव्हता. माझं हसू हळूहळू आटत गेलं. हिने माझा हात धरला.

मामा मागच्या खोलीत गेले. मामींची खाट तिथे भिंतीला लागून होती. त्यांनी खाट ओढली. मागे रंगाला फुगे आले होते, खाली पांढरी भुकटी सांडली होती. आम्ही नको नको म्हणत असताना मामा गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी भिंतीला जीभ लावली. मग तशीच थोडी पुढे लावली. मग उशीच्या जागेला लावली. त्यांनी रुमाल काढला नाही. ते उठलेच नाहीत.

"खारट," ते म्हणाले.

समोरच्या खाडीतली रेती त्यांनीच आणली होती. घर बांधताना बैलगाडीबरोबर स्वतः चालत जाऊन आणली होती, हाताशी होती म्हणून. त्या वयात त्यांना कुठली समज, आणि पुढे समज आली ती लोकांच्या घरांसाठी. मामींना दम लागायचा तेव्हा मामांनी आधी उदबत्ती बंद केली, मग मांजर सोडून दिलं, मग दारातला चाफा तोडला. मामी म्हणायच्या, या भिंतीशी निजलं की मला गुदमरतं. मामा म्हणायचे, तुझ्या मनाचे खेळ आहेत.

भिंतीला हात देऊन ते कसेबसे उभे राहिले आणि आम्हाला म्हणाले, "हे घर घेऊ नका." ही रडायला लागली. प्लास्टर खरवडून काढू, नव्याने करू, मामा तुम्हाला जावं लागेल ना हो, असं काहीबाही बोलत राहिली. मामांनी मान हलवली. "बाय, दुसऱ्या कोणाला मी या घरात एक रात्र झोपू दिलं नसतं."

मामी दारात उभ्या होत्या. हातात अजून तो पापडाचा डबा होता. त्या रागावल्या नव्हत्या, खरंच विचारल्यासारखं म्हणाल्या, "आणि मी झोपले ते?"

मामांनी भिंतीजवळची त्यांची उशी उचलली आणि बाहेरच्या खोलीत नेऊन ठेवली. मला फार वाईट वाटलं. मामींचंही वाईट वाटलं आणि मामांचंही. कोणाकडे बघावं ते कळेना.

मामींना मामांनी त्या दिवसापासून त्या खोलीत झोपू दिलं नाही. वापीलाही नेलं नाही, कारण मामींना जावयाच्या घरी राहणं रुचत नव्हतं. मग त्यांनी तलासरीकडे, समुद्रापासून लांब, चढावरच्या वस्तीत भाड्याची जागा शोधायला सुरुवात केली. या वेळी त्यांनी भिंती चाखल्या नाहीत. प्रत्येक जागी मामींना बरोबर नेलं, घरमालकाची परवानगी घेऊन चटई पसरली, त्यांना आडवं व्हायला सांगितलं आणि स्वतः बाजूला बसून राहिले. घरमालक हबकायचे, मामींना संकोच व्हायचा, पण त्या लवंडायच्या. एका वरच्या मजल्यावरच्या जागेत त्यांना तिथल्या तिथे डोळा लागला. मामांनी ती जागा घेतली. चिखल्याचं घर बंद आहे. ते विकायचं नाही, असं मामांनी मुलीला सांगून टाकलंय. आम्ही अजून भाड्यानेच राहतो.

अजूनही लोक त्यांना घर दाखवायला बोलावतात. ते जातात, भिंतीलाही जीभ लावतात, पण आधी घरच्या बाईला बाजूला घेऊन विचारतात, तुम्हाला इथे झोप कशी लागते. बायका आधी गोंधळतात आणि मग बोलायला लागतात ते थांबत नाहीत. विकणारे नवरे या प्रश्नाला जिभेपेक्षा जास्त घाबरतात.

परवा दुपारी मी तलासरीच्या शाळेतून सुटल्यावर त्यांच्याकडे गेलो. मामी आत झोपल्या होत्या. मामा त्यांच्या खाटेशी स्टूल ओढून बसले होते. खालच्या महामार्गावरून अच्छाडच्या नाक्याकडे ट्रक जात होते, तेवढाच काय तो आवाज. मी हळूच विचारलं, चिखल्याची आठवण येते का, समुद्राची गाज नाही ऐकू येत इथे. मामांनी मला तोंडावर बोट ठेवून गप्प केलं आणि मामींकडे बघत राहिले. मामींचा श्वास संथ चालला होता, छातीतून कसलाही आवाज येत नव्हता.

"तिकडे सगळी रात्र आवाज यायचा," मामा म्हणाले. "मला वाटायचं, तो समुद्रच आहे."