चिमाबाईंच्या घरचा हात

दिवाळीत माझ्याकडे पाहुणे आलेच नाहीत, त्यामुळे ते जायची वाट बघावी लागली नाही. भाऊबीज झाली आणि मी बॅग भरली. कोथरूडच्या फ्लॅटमध्ये बसून मी मालिकांचे संवाद ऐकून टाइप करते. दिवसभर कानात माणसं बोलत असतात, पण माझ्याशी कुणीच बोलत नाही. हाताने काहीतरी कापावं, तासावं असं फार दिवस मनात होतं. एका मैत्रिणीने आंबेगाव तालुक्यातल्या चिमाबाईंचा नंबर दिला. भीमाशंकरला जाणाऱ्यांना त्या जेवण देतात, एक खोलीही आहे.

वाकडेवाडीहून जुन्नरची एसटी धरली. बायकांना तिकीट अर्धं, गर्दी मात्र पूर्ण. जुन्नरच्या बाजारात विळा घेतला आणि मासवडी खाल्ली. मासवडीचं ताट दोघांत घ्या, एकटीला संपत नाही. तिथून घोडेगाव आणि पुढे जीप. जीप भरल्याशिवाय सुटत नाही, त्यावर चिडून उपयोग नसतो. मी चिडले.

चिमाबाई पन्नाशीच्या. नवरा वारलेला, मुलगा चाकणला कंपनीत, त्याला सुट्टी मिळत नाही. गेल्या पावसाळ्यात पडून त्यांचा उजवा खांदा निखळला, तेव्हापासून विळा चालवता येत नाही. घरामागच्या उतारावर कमरेएवढं गवत पिवळं पडून उभं होतं. ते वेळेत कापून रचलं नाही तर उन्हाळ्यात दोन्ही म्हशी विकाव्या लागतील, हे त्यांनी पहिला चहा देतानाच सांगितलं.

पहिला दिवस मी त्या उतारावर एकटीने काढला. डाव्या मुठीत गवत धरायचं, विळा बुडाशी लावून आपल्याकडे ओढायचा, गवताच्याच काड्यांना पीळ देऊन पेंढी बांधायची. माझ्या पेंढ्या उचलल्या की सुटायच्या. तरी मी खूश होते. संध्याकाळी पाहिलं तर एखादी शेळी चरून गेल्याएवढंच कापलं गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी चिमाबाईंनी मला अडवलं. "आज वर जाऊ नका. नामदेवभाऊच्या रानात जा."

"त्यांचं गवत मी का कापू?" माझा आवाज चढला. घोळक्यात जायचं मी पुण्यातही टाळते.

"हितं सावड असती, ताई. आज समद्यांनी एकाचं कापायचं, उद्या दुसऱ्याचं. माज्या घरचा हात कुठंच गेला न्हाई, म्हून माजी पाळीच लागंना. तुमी एकट्या किती कापणार?" मग जरा थांबून म्हणाल्या, "माज्या घरच्या म्हून जा."

घरच्या म्हणून! कुणी असं म्हणून किती वर्षं झाली असतील, देव जाणे. डोळे भरून यायला लागले, म्हणून विळा उचलून निघालेच.

नामदेवभाऊंच्या रानात बाया-गडी ओळीने कापत होते आणि मी सगळ्यांच्या मागे. "ताई, गवत कापताय का केस?" एका बाईने विचारलं. सगळे हसले, मलाही हसू आलं. दुपारी भाकरी खाऊन नामदेवभाऊ बांधावरच्या धामणीच्या झाडाची दुबेळक्याची, म्हणजे टोकाला दोन फाटे असलेली फांदी तासत बसले, गवताच्या गंजीवर पेंढ्या चढवायला. कोयता माझ्या हातात देत म्हणाले, "वली हाय तवर सोला. वाळली का मग लई तरास देती." साल लांबच लांब निघत गेली आणि आतलं लाकूड हाताला गार लागलं. सकाळपासून मनात सलत होतं ते मी विचारलं. "मी तुमच्या निम्मंच कापते. मग चिमाबाईंचा दिवसही निम्माच धरणार का?"

"हात तो हात," ते म्हणाले. "सावडीत उरक बघत न्हाईत."

पुढचे दिवस मी वेगवेगळ्या रानांत गेले. हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा सदरा नक्की न्या. मुक्काम-जेवणाचे रोज सहाशे पडतात. संध्याकाळी सगळे बोलत बोलत आपापल्या घरी जायचे. चिमाबाई भाविकांच्या पंगतीत अडकलेल्या असायच्या आणि मी ओट्यावर तळव्यातली कुसळं काढत बसायचे. तेव्हा पुण्यापेक्षाही एकटं वाटायचं, हे खरं सांगते. चिमाबाईंची पाळी लागायच्या आधीच मला कामासाठी परतावं लागलं.

परत येऊन आठवडा झाला असेल, त्यांचा फोन आला. "समदं रान कापून झालं, ताई. गंजी लागली. म्हशी ऱ्हायल्या."

मला इतका आनंद झाला की सांगायला घरात कुणीतरी हवं होतं.

"पर तुमचा एक दिवस जास्तीचा झालाय," त्या म्हणाल्या. "त्यो फेडाया पायजे. नामदेवभाऊ इचारत्यात, ताईंकडं कामाला कवा यायचं?"

मी घरभर नजर फिरवली. जाळी-जळमटं मी स्टुलावर चढून काढते, कपाट एकटीने ढकलते, गाद्या एकटीने उन्हात घालते. दुसरा माणूस लागेल असं एकही काम इतक्या वर्षांत मी घरात राहू दिलेलं नाही.

"सांगा की," चिमाबाई म्हणाल्या, आणि फोन न ठेवता थांबून राहिल्या.