योगराजचे चार टेप

योगराज बागुल १९९१ साली अमळनेरकडच्या गावातून सुरतेत आला आणि बमरोलीच्या एका पॉवरलूम कारखान्यात बारा तासांच्या पाळीवर लागला. आमच्या घरामागच्या दोन खोल्यांत तो आणि त्याची बायको नूतन भाड्याने राहत.

संगीत त्याला कुणी शिकवलं नव्हतं. मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्याचा ठोका, बॉबिन भरायच्या यंत्राची बारीक शिट्टी, वीज गेल्यावर एकेक माग मंदावत थांबतो तो आवाज, हे सारं तो कॅसेटवर धरून आणी. दाढीच्या ब्लेडने फीत कापायची, चिकटपट्टीने जोडायची आणि खोलीच्या चार कोपऱ्यांत चार टेपरेकॉर्डर ठेवून एकदम सुरू करायचे.

नूतन वैतागे. "कारखानामा ऐकीसन पोट भरनं नही का तुनं? घरमाबी तीच खटखट!"

"तठे आवाज व्हता, आठे गानं शे," तो हसून म्हणे. कारखान्यात नुसता आवाज होता, घरी त्याचं गाणं झालं होतं.

मलाही आधी तो गोंगाटच वाटला. पण १९९३च्या दिवाळीत त्याने पंधरा मिनिटांची रचना ऐकवली. तिच्यात शंभर माग हळूहळू कमी होत एकच उरतो. माझ्या यजमानांना जाऊन तेव्हा दहा महिने झाले होते. डायरीत त्या दिवसाच्या पानावर मी एवढंच लिहिलं आहे : 'योगराजचे टेप ऐकले. रडले.'

पुढे चित्रकलेच्या विद्यार्थ्यांनी त्याला दोनदा बोलावलं. १९९७च्या फेब्रुवारीत नानपुऱ्यातल्या छोट्या सभागृहात कार्यक्रम ठरला. बडोद्याहून एक प्राध्यापक येणार होते. त्यांच्या संस्थेला ध्वनिमुद्रणाच्या खोलीसाठी माणूस हवा होता. इंग्रजी पत्रव्यवहार मीच केला होता. त्यांना आवडलं असतं, तर योगराज मागावरून कायमचा सुटणार होता.

आदल्या दिवशी तालीम झाली. बॉबिनची शिट्टी सुरू होताच माझ्या कानात सुई गेल्यासारखं झालं. योगराज मात्र स्पीकरवर तळवा ठेवून, डोळे मिटून शांत बसला होता. विचारावंसं वाटलं. पण माझं संगीत म्हणजे नन्सनी पियानोवर शिकवलेल्या प्रार्थना. नव्यातलं मला काय कळणार? असंच हवं असेल, म्हणून मी गप्प राहिले.

कार्यक्रमात पहिली पाच मिनिटं लोक मन लावून ऐकत होते. मग ती शिट्टी आली. मुलांनी कान झाकले. कुणीतरी ओरडलं, "अरे बंध करो, भाई!" प्राध्यापक उठून बाहेर गेले ते परत आलेच नाहीत. योगराज लोकांकडे पाठ करून टेपपाशी बसला होता. टेप थांबल्यावर मी जवळ जाऊन हाक मारली. दुसऱ्यांदा अगदी त्याच्या मानेमागून मारली. तो वळला नाही.

तेव्हा मला कळलं. मागांच्या खडखडाटात कामगार एकमेकांचे ओठ वाचूनच बोलतात, आणि तीच सवय घरी येते. सहा वर्षं आम्ही समोरासमोर बसून गप्पा मारल्या, त्याचं एक उत्तर कधी चुकलं नाही. शिट्टीसारखे बारीक आवाज त्याला ऐकू येणं कधीच बंद झालं होतं. टेपच जुना झालाय असं समजून तो स्वतःला ऐकू येईपर्यंत ट्रेबलचं, म्हणजे बारीक आवाज चढवायचं, बटण वाढवत राहिला होता. नूतनलाही पत्ता नव्हता.

मी समोर जाऊन त्याला सगळं सांगितलं.

"मावशी, काल तालमीलाबी असंच वाजत होतं?"

"हो."

"मग सांगितलं का नाही?"

"मला वाटलं, तुला तसंच हवंय."

त्याची नजर माझ्या ओठांवरच होती. मग म्हणाला, "तुम्हाला तरी ऐकू येत होतं ना."

जूनमध्ये त्याने सुरतेबाहेर पलसाण्याच्या एका डाइंग कारखान्यात, कापड रंगवायचं काम धरलं. टेम्पोत सामान भरल्यावर नूतन आत येऊन माझ्या पाया पडली. योगराज दोरी बांधत होता. मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि म्हणाले, "चुकलं माझं, योगराज."

त्याने मान वर केली नाही. माझ्या तोंडाकडे त्याने पाहिलंच नाही.