मिस कॉल म्हंजे पोचलं

मुळशीतल्या माण गावच्या बँकेखाली चहाची टपरी आहे. तिथल्या बाकड्यावर आम्ही तिघं बसायचो. मी, गणपत आणि सोपान. पोरं परदेशात आणि बाप बाकड्यावर, असला माल. बाहेरून पैसे यायचे म्हटलं की म्हातारी माणसं बँकेत चकरा मारतात, आणि चकरा मारल्या की चपलेला चिखल साचावा तसे किस्से साचतात. त्यातले काही मी घरात सांगत न्हाई. सून म्हणते, तात्या, दिवा लावायच्या वेळेला असलं बोलू नका. म्हणून लिहितोय.

* * *

गणपतचा पोरगा दुबईला. पहिल्यांदा पैसे आले तेव्हा गणपतनं काउंटरवरच्या मॅडमना विचारलं, "हे पैसं येत्यात कुठनं?"

मॅडम घाईत होत्या. म्हणाल्या, "बाबा, समुद्राखालून तारा गेल्यात, त्यातून."

गणपतनं नोटा उलटून पालटून बघितल्या आणि परत काउंटरवर ठेवल्या. "मंग जरा वाळलेल्या द्या."

सगळी बँक हसली. गणपत हसला न्हाई. बाहेर येऊन त्यानं बदललेल्या नोटा माझ्या नाकापुढं धरल्या. "तात्या, वास घे."

घेतला. खारट वास होता. मुळशीत खारट वास कुठनं आला, ते मला विचारू नका.

* * *

सोपानचं वेगळं होतं. पोरगा विनू लहान असतानाच त्याची बायको गेली. पुढं नांदे गावातलं शेत विकून त्यानं विनूला कॅनडाला धाडला. त्या शेतावर आता बिल्डिंग आहे, आणि तिचा वॉचमन सोपानला आत सोडायचा न्हाई.

विनू दर महिन्याला पैसे पाठवायचा. जमा झाल्याचा मेसेज आला की सोपान बटणाच्या फोनवरून त्याला एक रिंग द्यायचा आणि कट करायचा. मिस कॉल म्हंजे पोचलं, आणि मी जित्ता हाय. बापलेकांना बोलायला कधी जमलं न्हाई. हे तेवढं जमायचं.

एकदा विनूनं उचलला. आतून "आप्पा?" असं आलं, आणि सोपाननं इंगळी डसल्यासारखा फोन बाकड्यावर टाकला.

"उचलू नगं रं! पैसं जात्यात!"

मी म्हटलं, "आरं, पोरगं हाक मारतंय. बोल की."

"काय बोलू? पोचलं, येवढंच तर हाय."

पण त्यानंतर दिवसभर त्याचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. दोनदा मला म्हणाला, "आवाज आईसारका झालाय त्याचा."

* * *

मग एका महिन्यात पैसे आलेच न्हाईत. विनूनं मला फोन केला. "तात्या, इथून गेलेत."

आम्ही मॅडमपुढं उभे राहिलो. त्या म्हणाल्या, "आमच्याकडे आले नाहीत."

सोपान म्हणाला, "मंग हायेत कुटं?"

"मधल्या बँकेत अडकलेत. ते तुमच्या मुलाकडं कागद मागतायत."

"आन ही मधली बँक कुटं हाय?"

मॅडमनी बराच वेळ कॉम्प्युटरमध्ये बघितलं. "ते इथं दिसत नाही, बाबा."

बाकड्यावर आल्यावर सोपान म्हणाला, "तात्या, तितनं सुटायचं आन हितं पोचायचं न्हाई. अशी जागा असंल?"

गणपत म्हणाला, "असंल तर तितं च्या तरी मिळू दे."

कुणी हसलं न्हाई.

* * *

त्याच दिवसांत सोपाननं अंथरूण धरलं. छाती भरली होती. मी म्हटलं, विनूला कळवतो.

"कळवू नगं. त्याचं तितं ऱ्हायचं कागद नव्यानं व्हायचं हायेत. आता निघाला तर परत आत घेणार न्हाईत. येवढं शेत घातलंय त्याच्यापायी."

"मंग नुसती रिंग तरी दे."

"पैसं आल्याबिगर? डोकं हाय का तुला? त्याला वाटंल पोचलं. मधल्या बँकेचा नाद सोडून देईल."

दुसऱ्या दिवशी दुपारी सोपान गेला. फोन मुठीत होता, अंगठा बटणावर. मूठ सोडवायला त्याच्या पुतण्याला जोर लावावा लागला. फोन मी माझ्याकडं ठेवला.

* * *

विनूला येता आलं न्हाई. दहावा पुतण्यानं केला, मुळा नदीच्या काठावर. पिंड ठेवला. कावळे समोरच्या झाडावर बसलेले, पण एक खाली येईना. पुतण्या हात जोडून म्हणाला, घराकडं बघतो. गणपत म्हणाला, विनूला अंतर देणार न्हाई. कावळे हलले न्हाईत. ऊन चढलं, पावणे कुजबुजायला लागले.

तेवढ्यात माझ्या खिशात सोपानचा फोन थरथरला. मेसेज होता. पुतण्यानं वाचला. पैसे जमा झाले होते. मधनं सुटले होते.

मी फोन त्याच्याकडनं परत घेतला. विनूचा नंबर लावला, एक रिंग दिली आणि कट केला.

फोन खिशात घालायच्या आत कावळा पिंडावर होता.

* * *

त्या दिवशीच मी फोनची बॅटरी काढून ठेवली. सिमकार्ड पुतण्यानं बंद केलं आणि कात्रीनं कापलं. फोन त्याला द्यायचा राहिला होता, म्हणून पुढच्या महिन्यात एकदा पिशवीत घालून बाकड्यावर घेऊन आलो. गणपत शेजारी चहा पीत होता.

विनूचा फोन आला, अनोळखी नंबरावरून.

"तात्या, आप्पांचा फोन कुणाकडं आहे?"

"माज्याकडं. का रं?"

"मघाशी मिस कॉल आला. आप्पांच्या नंबरावरनं. एक रिंग."

मी माझा फोन खांद्यानं कानाशी दाबून धरला आणि पिशवीत हात घातला. एका हातात सोपानचा फोन आला, दुसऱ्या हातात त्याची बॅटरी. गणपतनं कप खाली ठेवला.

"विनू, आज पैसं गेलं का तिकडनं?"

"गेले. महिन्याला आपोआप जातात. बंद करायचं राहून गेलं."

त्याच्या मागं रिंग वाजायला लागली. मला इथं ऐकू येत होती.

"तात्या, माझा दुसरा फोन वाजतोय. आप्पांचाच नंबर आहे." त्याचा आवाज बारीक झाला. "या वेळी कट होत न्हाईये. उचलू का?"

मी बाकड्यावरच्या मोकळ्या जागेकडं बघितलं.

"उचलू नगं, पोरा," मी म्हटलं. "त्याचं पैसं जातील."