बारा मिनिटांचं विमान

हिवाळ्यात आमच्या डोंगरातल्या नारीन गावात माणसांइतकेच कपडे वस्तूही घालतात. नळाला गोधडी, गाडीच्या बॉनेटला घोंगडी, बटाट्यांच्या पोत्याला माझा लग्नातला कोट. त्यामुळे शेजारच्या बुरुल वहिनींनी संगणकाला नमद्याचा, म्हणजे दाबून केलेल्या जाड लोकरीचा, अंगरखा शिवला, तेव्हा गल्लीत कोणाला नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते नक्षीचं. मेंढ्याच्या शिंगांची तांबडी-निळी वळणं, कडेला दुहेरी टाका, वर गोंडा.

"वहिनी," मी म्हटलं, "असानअली दादाला उभ्या जन्मात साधा कानटोप शिवला नाहीत, आणि या डब्याला गोंडा?"

"तुमचा दादा दहा हाका मारल्या तरी उठायचा नाही, भावजी. हा एका बटणात उठतो."

असानअली माझा सख्खा भाऊ नव्हे, पण गल्लीत वयाने मोठा, म्हणून दादा, आणि त्याची बायको ती वहिनी. वहिनीची चेष्टा करायचा हक्क आमच्याकडे दिराला जन्मतः मिळतो. दादाला जाऊन नऊ वर्षं झाली. हक्क मी सोडलेला नाही, आणि त्यांनीही मला एकदा सुद्धा सुकं सोडलेलं नाही.

बुरुल वहिनी आता सदुसष्ट वर्षांच्या. तरुणपणी त्या चौदा वर्षं विमानातून हिंडल्या. म्हणजे मिरवत नव्हे. डोंगरापलीकडे अक-सायच्या कुरणांत धनगर असायचे, तिथे कोणी अडलेली बाळंतीण असली, कोणाला घोड्याने लाथ मारलेली असली, की नारीनहून दुहेरी पंखांचं जुनं विमान निघायचं. पुढे कडीरदादा वैमानिक, मागे बुरुल वहिनी. डॉक्टर नव्हेत, पण डॉक्टर पोचायचे नाहीत तिथे पोचणाऱ्या. एका हातात सलाइनची बाटली, दुसऱ्या हातात रोग्याचं मनगट. तोंड रोग्याकडे, पाठ वैमानिकाकडे.

पुढून कडीरदादा ओरडायचे, "बुरुल, बघ बघ, नदी चांदीची झालीय!"

"मी नाडी बघतेय. नदी तुम्हीच बघा!"

आणि चाकं जमिनीला लागली की दर वेळी त्यांचा एकच प्रश्न, "मागे सगळे जिवंत?"

"जिवंत!" मागून उत्तर. चौदा वर्षांत दोनदा ते उत्तर आलं नाही. त्याबद्दल दोघंही बोलत नाहीत.

तर अशा या बाईने पलीकडच्या डोंगरावरून शेकडो फेऱ्या मारल्या आणि डोंगर पाहिलाच नाही. जिल्हा रुग्णालयाने नोंदणी खिडकीतला बारा वर्षांचा संगणक मोडीत काढला, तो त्यांनी मागून घेतला. बाजारातून विमान चालवायच्या खेळाची एक जुनी तबकडी आणली. त्यात त्यांचं ते दुहेरी पंखांचं विमान होतं, आपले डोंगरही होते. संगणक तोरावर, म्हणजे दाराच्या समोर पलीकडच्या भिंतीशी असलेल्या मानाच्या जागी बसवला, रजयांच्या थप्पीशेजारी, शेगडीच्या उबदार भिंतीला टेकून. घरात आलेल्या मोठ्या पाहुण्याला बसवतात तसा. मग अंगरखा. समोर चित्राचा पडदा तेवढा उघडा ठेवलेला.

विमान उडायचं. सुरुवातीला बरं उडायचं. मग अडखळायचं. आत्ता विमान नदीवर, पुढच्या चित्रात टेकडीवर, मधलं काहीच नाही. लग्नाच्या अल्बमची पानं उलटावीत तसं.

"काय घाई आहे?" मी म्हणायचो. "अल्बम तर अल्बम. निवांत बघा."

पण फेब्रुवारीतल्या एका सोमवारी कडीरदादांचा फोन आला आणि घाई झाली. कडीरदादा चौऱ्याहत्तरचे, अत-बाशीला एकटे राहायचे. लेक त्यांना कायमचं राजधानीत, बिश्केकला घेऊन चालली होती. रविवारी गाडी नारीनवरून जाणार, दुपारी तासभर थांबणार. कारण डोळे. रंग गेले, चेहरे गेले. डॉक्टर म्हणाले होते, वसंतापर्यंत उरलंसुरलंही जाईल. आता त्यांना फक्त हलतं तेवढं कळायचं. उभा माणूस म्हणजे खांब. चालू लागला की माणूस.

फोन ठेवून वहिनी म्हणाल्या, "रविवारी मी त्यांना अक-सायला नेणार."

"या अडखळत्या डब्यातून?"

"तेच तर. चित्र थांबत थांबत आलं तर त्यांना काहीच दिसणार नाही, भावजी. सलग आलं तरच दिसेल. आणि नंतर कधीच नाही."

इथून डोंगर ओलांडेपर्यंत पंचवीस मिनिटं लागतात. वहिनींचं विमान धड उडायचं बारा मिनिटं. मध्ये सहा दिवस.

त्यांनी वही काढली. पहिल्या पानावर लिहिलं: रोगी, संगणक. वय बारा. आधीचा मुक्काम, रुग्णालय. तक्रार, चालताना अडखळणे. खेळात एका कोपऱ्यात आकडा दिसतो, सेकंदाला किती चित्रं पडतात त्याचा. वहिनी त्याला नाडी म्हणायच्या. सुरुवातीला चोवीस. बाराव्या मिनिटाला सात.

"सात म्हणजे?"

"सात म्हणजे नातेवाइकांना बोलवा."

मी फ्रिज दुरुस्त करतो. तीस वर्षं झाली. गल्लीत ज्याला पेचकस धरता येतो तो सगळ्या यंत्रांचा डॉक्टर, म्हणून मलाही बोलावणं आलं. मी म्हटलं, एकदम सगळ्या गोष्टी कमी करून टाकू. वहिनींनी माझ्या हातावर चापट मारली.

"एका वेळी एकच औषध. पाच गोळ्या एकदम दिल्या आणि रोगी बरा झाला, तर कशाने झाला ते कसं कळणार?"

मग तोच रस्ता, तीच सकाळ, तोच वारा, आणि दर दोन मिनिटांनी नाडी वहीत. सोमवारी ढग काढले. नाडी तीनने वाढली. मंगळवारी सावल्या काढल्या, नंतर झाडं. झाडांचं मला वाईट वाटलं नाही, नारीनमध्ये नाहीतरी झाडं किती आहेत. बुधवारी विमान नदीवर असताना संगणकातून एक गोड बाई बोलली, "क्रमांक सत्तेचाळीस, खोली तीन."

माझ्या हातातला चहा सांडला.

"घाबरू नका," वहिनी म्हणाल्या. "रुग्णालयाची रांग आहे. अजून आतून चालू असते बिचारी."

"मग बंद करा की! विमान उडवायचं की रांग लावायची?"

"बारा वर्षं तिने लोकांना हाका मारल्या, भावजी."

पण काढली. शेवटच्या वेळी तिला एक नंबर हाक मारू दिला, मगच काढली. अठ्ठेचाळीस नंबर कोणाचा होता देव जाणे. तो अजून बाहेर बसला असेल. गुरुवारी चित्राचा आकार लहान केला. निघताना नाडी एकतीस! मी टाळी वाजवली. आणि बाराव्या मिनिटाला पुन्हा सात.

"डोंगर भारी पडतोय," मी निदान केलं. "एवढे दगड उचलायचे म्हणजे म्हातारा दमणारच. डोंगर टाळा, कडीरदादांना गावावरून दोन चकरा मारून आणा."

वहिनींनी विमान धावपट्टीवर उभं केलं, इंजिन चालू ठेवलं आणि चहा गाळायला घेतला. ना डोंगर, ना नदी. आम्ही दोघं पडद्याकडे बघत कुरुत, सुकवलेल्या दह्याचे आंबट गोळे, चघळत बसलो. अकरा मिनिटं नाडी छान. बाराव्याला सात.

"डोंगर निर्दोष," वहिनी म्हणाल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच भीती दिसली. आजार सापडत नाही म्हणून ही बाई घाबरत नाही, पण दिवस संपत आले की घाबरते. शुक्रवार उजाडला होता.

शुक्रवारी दुपारी माझी बायको झिपार आमच्या नातीला घेऊन धावत वहिनींकडे आली. पोरीला ताप. झिपारने तिला दोन रजयांत गुंडाळलेली, वर माझा मफलर, नाक तेवढं बाहेर. नाक लालबुंद.

"अगं भाजतेस की काय तिला!" वहिनी ओरडल्या. "काढ ते सगळं! तापलेल्या पोराला गुंडाळायचं नाही, किती वेळा सांगितलं! आतली आग बाहेर जाऊ दे की..."

आणि थांबल्या. एका हातात रजई, तशाच उभ्या. मान वळवून तोराकडे बघत राहिल्या. शेगडीच्या भिंतीला टेकून, रजयांच्या कुशीत, नमद्याचा अंगरखा घालून, गोंडा लावून, त्यांचा रोगी बसला होता.

पोरीला मोकळी केली, कपाळावर ओलं फडकं ठेवलं, औषध दिलं. मग गेल्या आणि अंगरख्याखाली हात घातला. लगेच काढला.

"ताप एकोणचाळीस अंशांच्या वर," त्या म्हणाल्या. खाली बसल्या. "चौदा वर्षं मी आयांना शिव्या घातल्या, भावजी. त्यांच्या तंबूत जाऊन, त्यांच्या सासवांसमोर."

चेष्टा करायची ही सोन्यासारखी वेळ होती. माझ्याच्याने झाली नाही. एक तर त्यांचा चेहरा. दुसरं म्हणजे, तीस वर्षं घरोघरी जाऊन मी एकच वाक्य सांगत आलोय: फ्रिज भिंतीला चिकटवू नका, त्याला मागून श्वास घेऊ द्या. आणि आठवडाभर मी त्या तापलेल्या डब्याशेजारी बसून, "काय छान ऊब आहे हो," असं म्हणत चहा पीत होतो.

वहिनींनी तेही बरोबर ओळखलं. "आणि तुम्ही हो? यंत्रांचे डॉक्टर?"

"मी पाहुणा होतो," मी म्हटलं.

शनिवारी शिवण उसवली. डब्याचं एका बाजूचं झाकण काढलं. आतल्या पंख्यावर लोकरीचा एवढा गोळा निघाला की झिपार म्हणाली, यात मोजा विणून होईल. मी सगळी धूळ हळूहळू फुंकून, ब्रशने काढली. तेवढ्याने भागलं नाही. नाडी अठराव्या मिनिटाला पडली. तोरावर शेगडीची धग होतीच.

"थंड जागा घरात एकच आहे," मी म्हटलं. "दारात. बुटांजवळ."

वहिनी ताठ झाल्या. "माझ्या घरात तोरावर बसवलेल्याला मी बुटांत नेऊन बसवलं नाही कधी. लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणजे मीच. मी म्हणेनच काहीतरी."

त्यांनी पदर खोचावा तसा डोक्याचा रुमाल घट्ट केला. "उचला. पाहुण्याला मान लागतो. रोग्याला हवा."

रविवारी दुपारी कडीरदादा आले. लेकीचा हात धरून, उंच, जरा वाकलेले. तोरावर जेवणाचं कापड, दस्तरखान मांडलेलं: पिठाचे तळलेले बोरसोक, साय, जाम, घोड्याच्या मांसाचे काप, मेंढीचं अख्खं डोकं, सगळ्यात ज्येष्ठ पाहुण्यासाठी. वहिनी अडखळत म्हणाल्या, "कडीरदादा, मान तिकडे मांडलाय, पण विमान इकडे आहे. दारात. बुटांत."

"तिकडे बसून काय बघू, मेंढीचं डोकं? तिचेही डोळे मिटलेत," कडीरदादा म्हणाले आणि दारातल्या स्टुलावर टेकले. "चौदा वर्षं तू माझ्या मागे पोत्यावर बसलीस. मी तासभर बुटांत बसलो तर काय बिघडलं?"

वहिनी शेजारी बसल्या. झिपार आणि कडीरदादांची लेक त्यांच्यामागे उभ्या. मला कुठेच जागा उरली नाही, म्हणून मी मागे सरकत सरकत गेलो आणि तोरावर जाऊन बसलो. अख्खं दस्तरखान आणि मी. आयुष्यात पहिल्यांदा.

विमान निघालं. सहाव्या मिनिटाला कडीरदादा पुढे झुकले. "ती... ती सरकतेय ती नदी ना?"

"नदी."

"सरकतेय गं. छान सरकतेय."

अकरावं मिनिट. मी बोरसोक तोंडात धरून ठेवला, चावला नाही. बारावं. तेरावं. वहिनींनी आकडा सांगितला नाही, पण त्यांचे खांदे खाली आले, आणि मी तो चावला. डोंगर जवळ आला तशी कडीरदादांची पावलं खाली विमानाचे पेडल शोधायला लागली. समोरच्या बुटांवर ती बसली, डावं एका बुटावर, उजवं दुसऱ्या, आणि ती बूट दाबू लागली. "आता वारा खाली दाबेल. नाक वर. वर, बुरुल! दम धर. धर."

मग डोंगराची धार खाली गेली आणि पलीकडचं सगळं एकदम उघडलं. ढग नाहीत, झाडं नाहीत, सावल्या नाहीत. सगळं काढलेलंच होतं. नुसती पांढरी, रुंद, न संपणारी अक-साय, आणि मध्ये पाण्याची एक रेघ. वहिनींचा हात थांबला.

"काय दिसतंय?" कडीरदादा म्हणाले. "सांग की. मी सांगायचो."

"नदी," वहिनी म्हणाल्या. त्यांनी नाक ओढलं. "चांदीची झालीय."

"बघ. मी उगाच ओरडत नव्हतो."

उतरताना विमान तीनदा उसळलं. कडीरदादांनी तिन्ही वेळा बूट दाबले. मग चाकं धावली, हळू झाली, थांबली. आणि बुरुल वहिनी मान न वळवता, चांगल्या मोठ्याने म्हणाल्या, "मागे सगळे जिवंत?"

सगळ्यांच्या मागे, तोरावर, मी एकटाच होतो. तोंडात मेंढीचा कान होता, तो मानाचा. मी घाईत घेतला होता. तो तसाच गिळला.

"जिवंत!" मी ओरडलो.

"मेले असते," कडीरदादा म्हणाले. "तीन उसळ्या! बाळंतीण वाटेतच मोकळी झाली असती."

तासाभराने गाडी निघाली. वहिनींनी तो उसवलेला अंगरखा कडीरदादांच्या गुडघ्यांवर घातला, गोंड्यासकट. माणसाला गुंडाळायला हरकत नाही म्हणाल्या. गाडी वळणापलीकडे गेली तेव्हा मी बूट घालायला दारात आलो. उजवा माझा होता. डावा माझा नव्हता. दोन बोटं मोठा, टाच झिजलेला. माझा डावा बूट कडीरदादांच्या पायात बिश्केकला चालला होता.

"फोन करतो लेकीला," मी म्हटलं. "फार लांब गेले नसतील."

"खबरदार," वहिनी म्हणाल्या. त्यांनी तो मोठा बूट माझ्या हातातून घेतला आणि संगणकाच्या टेबलाखाली नीट ठेवला. "परत मागायचा नाही. परत द्यायला त्यांना यावं लागेल की."

मी एका पायात वहिनींचा रबरी बूट घालून घरी आलो. झिपारने विचारलं नाही, फक्त बघितलं आणि हसत बसली.